वजन उचलताना तळहात सोलू नयेत म्हणून: नवशिक्यांसाठी घट्ट्यांची निगा

जिम सुरू करून थोडे आठवडे झाले की बोटांच्या बुडाशी कातडी टणक व्हायला लागते. हे घट्टे. ते पडणारच, आणि पडायलाही हवेत. मऊ तळहाताने जड बार फार काळ धरता येत नाही. त्रास घट्ट्याचा नसतो. त्रास असतो उंच वाढलेल्या, कडेने उचकटलेल्या घट्ट्याचा. एखाद्या दिवशी डेडलिफ्टच्या (जमिनीवरून जड बार उचलण्याच्या) किंवा पुल-अप्सच्या (बारला लटकून अंग वर ओढण्याच्या) ऐन मध्यात तो बारखाली अडकतो आणि खालच्या जिवंत कातडीसकट निघून येतो. मग आठवडाभर बार धरता येत नाही, गाडीचा क्लच दाबताना कळ येते आणि आंघोळीला साबण लावला की डोळ्यांत पाणी येतं.

हे जवळजवळ पूर्ण टाळता येतं. त्यासाठी महागडं काहीच लागत नाही. बार योग्य जागी धरायचा, हात कोरडा ठेवायचा आणि घट्टा सपाट ठेवायचा, एवढंच करायचं. नाशकात कॉलेज रोडच्या एसी जिममध्ये जात असाल, सिडकोतल्या छोट्या व्यायामशाळेत किंवा पंचवटीतल्या जुन्या तालमीत, तुमच्या तळहाताची कातडी सारखीच वागणार आहे. पहिल्या महिन्यातच या सवयी लावून घ्या, कारण चुकीची ग्रिप, म्हणजे पकड, एकदा अंगवळणी पडली की ती सोडवायला फार वेळ जातो.

आधी तळहाताची कातडी ओळखा

तळहातावर केस नसतात आणि तेलग्रंथीही नसतात. घामाच्या ग्रंथी मात्र खूप असतात. म्हणून तळहात कोरडा पडला की स्वतःहून तेलकट होत नाही, आणि जड सेटच्या (न थांबता सलग केलेल्या एका फेरीच्या) आधी मनावर ताण आला की लगेच ओला होतो. हे दोन्ही गुण पुढे उपयोगी पडणार आहेत, लक्षात ठेवा.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. एकाच जागी दाब आणि घर्षण वारंवार आलं की खालून नव्या पेशी वेगाने तयार होतात आणि वरचा थर जाड होत जातो. तो घट्टा. याला आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी उत्साहाने पन्नास पुल-अप्स मारायला गेलात तर घट्टा येत नाही, फोड येतो: कातडीचे थर एकमेकांवर सरकतात आणि मधल्या जागेत पाणी साठतं. जुन्या जाड घट्ट्याखालीही असा फोड येऊ शकतो, आणि मग वरची अख्खी टोपीच निघते.

घट्टा फाटतो तो बहुतेक वेळा कडेने. टणक मृत कातडी वाकत नाही, भोवतालची मऊ कातडी ताणली जाते, आणि सगळा ताण दोन्हींच्या सीमेवर येतो. घट्टा जितका उंच, तितकी बारला ढकलायला कड मोठी. म्हणून घट्टा काढून टाकायचा नसतो आणि मिरवायला वाढूही द्यायचा नसतो. हात फिरवला की जाडी जाणवावी, पण कड लागू नये, असा घट्टा चांगला.

आपल्याकडे बरेच जण कष्टाचे हात घेऊनच जिममध्ये येतात. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागेत छाटणीची कात्री चालवतात, सातपूर-अंबडचे दिवसभर मशीनवर उभे असतात. ‘माझे हात आधीच टणक आहेत’ असं त्यांना वाटतं, आणि ते खरंही आहे, पण कात्रीचे आणि फावड्याचे घट्टे वेगळ्या जागी पडतात. बार धरताना मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या बुडाशी जास्त भार येतो. त्या जागा नव्याच असतात. त्यामुळे वजन वाढवायची घाई त्यांनीही करू नये. मशीनवर कूलंटमध्ये हात जात असतील तर कातडी आधीच शुष्क आणि चिरलेली असते. ड्युटीवरून थेट जिमला येत असाल तर आधी साध्या साबणाने हात धुवा, पूर्ण कोरडे करा आणि मगच बारला हात लावा.

पायरी पहिली: बार कुठे धरायचा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

नवीन माणूस बार तळहाताच्या मधोमध ठेवतो आणि मूठ आवळतो. मजबूत पकडल्यासारखं वाटतं. पण वजन जमिनीवरून सुटलं की बार खाली ओढला जातो आणि बोटांकडे सरकतो. सरकताना तो पुढची कातडी ढकलत नेतो. सतरंजीवरून जड कपाट ओढलं की पुढे जशी घडी जमते, तशीच घडी बोटांच्या बुडाशी जमते. ती घडी बार आणि बोट यांच्यामध्ये चिरडली जाते. तिथेच घट्टा वाढतो आणि तिथेच फाटतो.

उपाय असा: बार शेवटी जिथे जाऊन थांबणार आहे, तिथेच सुरुवातीपासून धरा. तळहात संपून बोटं जिथे सुरू होतात, त्या रेषेजवळ.

घरी सराव करायला स्वयंपाकघरातलं लाटणं घ्या. हात सरळ, तळहात वर. लाटणं बोटांच्या मुळाच्या रेषेवर आडवं ठेवा. आता आधी बोटं गुंडाळा आणि शेवटी अंगठा वरून आणून तर्जनीवर आणि मधल्या बोटावर दाबा. दुसऱ्या हाताने लाटणं खाली ओढून पाहा. कातडीची घडी जमत नसेल तर जागा बरोबर आहे. मग लाटणं मुद्दाम तळहाताच्या मध्यावर ठेवून तसंच ओढा. फरक लगेच हाताला कळेल.

जिममध्ये गेल्यावर डेडलिफ्ट, रोइंग, लॅट पुलडाऊन, पुल-अप्स, श्रग्ज या सगळ्या ओढायच्या व्यायामांना हीच पकड. पहिले काही दिवस पकड सैल वाटेल, वजन निसटेल अशी भीती वाटेल. म्हणून वजन थोडं उतरवा आणि बोटांची ताकद वाढू द्या. ती वाढते.

ढकलायच्या व्यायामांना मात्र उलटं आहे. बेंच प्रेस आणि शोल्डर प्रेसमध्ये बार तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर, हाडाच्या सरळ रेषेत बसला पाहिजे, नाहीतर मनगट मागे मोडतं. तिथे बार खाली लटकत नाही, त्यामुळे घडीचा प्रश्नही फारसा येत नाही.

बारचा आकारही पाहून घ्या. स्पर्धेच्या वेटलिफ्टिंगमध्ये पुरुषांचा बार २० किलोचा आणि २८ मिलिमीटर जाडीचा असतो. महिलांचा १५ किलोचा आणि २५ मिलिमीटरचा. बऱ्याच जिममध्ये सगळ्यांना एकच जाड बार मिळतो. लहान हाताच्या मुलींना त्या बारवर बोटं पूर्ण गुंडाळता येत नाहीत, आणि दोष मात्र ‘तुझी ग्रिपच कमजोर’ असा त्यांच्या माथी मारला जातो. तुमच्या जिममध्ये बारीक बार असेल तर तो हक्काने मागा.

बारवर जी खरखरीत जाळी कोरलेली असते तिला नर्लिंग म्हणतात. ती पकडीसाठीच आहे. पण काही बारवर ती इतकी धारदार असते की किसणीवर हात ठेवल्याचा भास होतो, आणि काहींवर झिजून गुळगुळीत झालेली असते. नव्याने शिकताना मध्यम जाळीचा बार निवडा. उद्यानातल्या ओपन जिममध्ये पुल-अप्स मारत असाल तर पाइपचा रंग कुठे पापुद्रे धरून उचकटला आहे का, गंज आहे का, ते बोट फिरवून आधी तपासा. थंडीत सकाळी पाइपवर दव असतं. नॅपकिनने पुसल्याशिवाय लटकू नका.

केटलबेलची, म्हणजे वर हँडल असलेल्या लोखंडी गोळ्याची, गोष्ट थोडी वेगळी. स्विंग करताना, म्हणजे तो झुलवताना, हँडल हातात फिरतं, आणि ते घट्ट आवळून धरलं तर प्रत्येक रेपला (प्रत्येक वेळी) कातडी पिळली जाते. तिथे बोटांचा आकडा करून हलकी पकड ठेवायची. झोका वर गेला की किंचित सैल, खाली येताना पुन्हा पक्की. पुल-अप्समध्ये शरीराला झटके देऊन वर जाण्याचा प्रकार पहिल्या वर्षात टाळलेलाच बरा. खांद्यांसाठी आणि तळहातांसाठीही.

पायरी दुसरी: जिममध्ये शिरण्याआधी

अंगठ्या काढा. साखरपुड्याची असो, राशीचा खडा असो, तांब्याचं वेढं असो. बार आणि अंगठी यांच्यात कातडी चिमटली जाते, आणि उडी मारून बार सोडताना अंगठी कुठे अडकली तर बोटाला फार गंभीर इजा होऊ शकते. खडा अंगाला लागून राहायलाच हवा असं घरच्यांचं म्हणणं असेल तर तेवढा वेळ तो दोऱ्यात घालून गळ्यात ठेवा.

नखं कापलेली असावीत. लांब नखं मूठ मिटल्यावर तळहातात रुततात.

गरम पाण्याने आंघोळ करून किंवा भांडी घासून लगेच वजनं उचलू नका. पाण्याने फुगलेली कातडी मऊ असते आणि सहज फाटते. निदान अर्धा तास जाऊ द्या. तळहाताला तेल, क्रीम किंवा लोशन लावायचं ते रात्री, व्यायामाआधी नाही.

पायरी तिसरी: चॉक, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट

वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत खेळाडू मंचावर जाण्याआधी पांढऱ्या पावडरीत हात घोळतात ती हीच. तिचं काम घाम शोषण्याचं. ओला हात बारवर सरकतो, सरकणं थांबवायला आपण मूठ आणखी आवळतो, आणि कातडी आणखी पिळली जाते. कोरड्या हाताला कमी जोर पुरतो.

मल्लखांबाच्या खांबाला एरंडेल तेल लावतात, कारण तिथे अंग खांबावरून घसरत फिरायला हवं असतं. (मल्लखांबाला नवं रूप देणाऱ्या बाळंभटदादा देवधरांची कथा आपल्या वणीच्या सप्तशृंगी गडाशी जोडून सांगतात, म्हणून नाशिककरांना तो अधिकच आपला वाटतो.) बारवर नेमकं उलटं हवं. हात सरकायलाच नको. त्यामुळे तालमीत कोणी तळहाताला तेलाचं बोट लावायला सांगितलं तर ते मल्लखांबासाठी ठेवा, बारसाठी नको.

चॉकचा गोळा जाळीच्या कापडात किंवा वडी अशा रूपात खेळाच्या सामानाच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळतो. फळ्यावरचा खडू चालत नाही, तो वेगळ्या पदार्थाचा असतो. टाल्कम पावडर तर मुळीच नको, तिने हात आणखी निसरडा होतो. पॉवरलिफ्टर ती डेडलिफ्टआधी मांड्यांना लावतात, बार वर सरकावा म्हणून. तळहाताला कधीच नाही.

लावायचं थोडंच. तळहात आणि बोटांच्या आतल्या बाजूला पातळ थर, हात झटकायचे आणि बार धरायचा. जाड थर लावला की घर्षण गरजेपेक्षा वाढतं, पावडरीच्या गुठळ्या होतात आणि त्याच कातडीला टोचतात. व्यायाम संपला की हात धुवायलाच हवेत, नाहीतर चॉक कातडीतली ओल शोषतच राहतो.

अनेक जिममध्ये कचरा होतो म्हणून चॉकला मनाई असते. तिथे द्रवरूप चॉक चालतो का ते विचारा. तो हाताला चोळला की त्यातलं अल्कोहोल उडून जातं आणि पातळ थर उरतो. जमिनीवर काही सांडत नाही. कातडीला चीर असेल तर मात्र तो भयंकर झोंबतो. तोही चालत नसेल तर एक छोटा कोरडा नॅपकिन फक्त हातांसाठी वेगळा ठेवा, आणि प्रत्येक सेटआधी हात आणि बार दोन्ही पुसा. पाऊसपाण्याच्या दिवसांत यानेच निम्मं काम होतं.

पायरी चौथी: सेट चालू असताना हाताचं ऐका

फाटण्याआधी हात सांगतो. एका ठिकाणी भाजल्यासारखं गरम वाटतं, मग चिमटा बसल्यासारखं, मग कातडी सरकल्याची जाणीव होते. गरम वाटलं तिथेच थांबायचं. उरलेल्या तीन रेप्ससाठी आठवडा घालवणं हा वाईट सौदा आहे. ट्रेनरला सांगा, ‘सर, हात जळतोय, आज ओढायचं थांबवतो.’ चांगला ट्रेनर लगेच पायांचा किंवा प्रेसचा व्यायाम देईल. ‘सोलल्याशिवाय हात बनत नाही’ असं म्हणणाऱ्याचं या बाबतीत ऐकू नका. फाटलेल्या जागी आधी जखम भरते, आणि घट्टा पुन्हा पहिल्यापासून धरावा लागतो.

आठवड्याचं नियोजनही हाताचा विचार करून करा. सोमवारी डेडलिफ्ट, मंगळवारी पुल-अप्स, बुधवारी रोइंग असं लागोपाठ आलं तर तळहाताला सावरायला वेळच मिळत नाही. ओढायच्या दोन दिवसांमध्ये एक दिवस ढकलायचा किंवा पायांचा ठेवा. नव्यांसाठी एवढं पुरेसं आहे.

पायरी पाचवी: घट्टा सपाट ठेवणे

आठवड्यातून एकदा, आंघोळीनंतर. फार वेळ लागत नाही.

कोमट पाण्यात हात पाच-दहा मिनिटं ठेवा. घट्टे पांढुरके आणि फुगीर दिसायला लागतील. कोरड्या हातावर न दिसणाऱ्या कडाही आता दिसतील. आता प्यूमिस दगडाने हलक्या हाताने, एकाच दिशेने घासा. कडांपासून सुरू करा आणि मध्याकडे या, कारण उतरवायची आहे ती कड. थोडं घासलं की धुऊन, पुसून, दुसऱ्या हाताच्या बोटाने चाचपा. बोट अडकत नसेल तर झालं. गुलाबी कातडी दिसेपर्यंत किंवा दुखेपर्यंत घासणं म्हणजे जास्त झालं; असा हात पुढचे दोन दिवस बार सहन करणार नाही.

आजीच्या न्हाणीघरातली वज्री बऱ्याच घरांत अजून असते. भांडी बाजारात पितळेचीही मिळते. टाचेसाठी ती उत्तम, पण तळहातासाठी बहुतेक वज्र्या फार खरखरीत असतात. वापरायचीच तर झिजलेली, बारीक दाण्याची घ्या आणि वजन न देता फिरवा. नखांची कागदी कानस कोरड्या हातावर लहानसहान कडांना चालते. ती जिमच्या बॅगेत ठेवा. जे काही वापराल ते स्वतःचंच असू द्या, दुसऱ्याला देऊ नका आणि वापरून झालं की वाळवून ठेवा, म्हणजे चामखीळ आणि बुरशी एकमेकांना लागणार नाही.

ब्लेडने घट्टा कापू नका. सलूनमध्ये टाचांसाठी वस्तऱ्यासारखं साधन फिरवतात, तेही तळहातावर नको. एक थर जास्त गेला की सरळ जखम होते, आणि कापलेल्या जागी नवी धारदार कड तयार होते ती वेगळीच. पायाच्या भोवरीसाठी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या औषधी पट्ट्याही हाताला लावू नका. त्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं. मधुमेह असेल, हातांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल तर घासण्याआधी डॉक्टरांशी बोला. अशा हाताला जखम कळतही उशिरा आणि भरतेही उशिरा.

घासल्यानंतर आणि रोज रात्री झोपताना हाताला ओल धरून ठेवणारं काहीतरी लावा. व्हॅसलीन, खोबरेल तेल, लॅनोलिनचं मलम, काहीही चालेल. आपल्याकडे भेगांवर कोकमाचं तेल लावतात; त्याची घट्ट वडी किंचित गरम करून तळहातावर चोळली की चांगली मुरते. घट्टे फारच दगडासारखे झाले असतील तर १० टक्के युरिया असलेलं क्रीम मेडिकलमध्ये मागा. ते मृत थर मऊ करतं. चीर किंवा उघडी जखम असेल तिथे ते लावायचं नाही, आग होते.

नाशिकच्या हवेप्रमाणे यात थोडा बदल करा. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा १० अंशांखाली उतरतो आणि हवा कोरडी असते. तळहाताला स्वतःचं तेल नसल्यामुळे घट्टे कडक होऊन चिरतात. त्या दोन महिन्यांत क्रीम रोज, आणि घासणं कमी. चिरलेला घट्टा घासल्याने चीर खोल जाते, आधी तो मऊ करा. पावसाळ्यात उलट: हात दमट, कातडी मऊ, त्यामुळे क्रीम कमी आणि चॉक-नॅपकिन जास्त. एप्रिल-मेमध्ये घाम जास्त येतो. शक्य असेल तर जड ओढायचे व्यायाम सकाळी लवकर घ्या.

हातमोजे, पट्टे आणि चिकटपट्टी

नवीन माणूस आधी हातमोजे घेतो. मी नव्यांना ते सुचवत नाही. मोज्याने बारची जाडी वाढते, बोटं कमी गुंडाळली जातात, आणि मोज्याच्या आतही कातडीची तीच घडी जमते. फक्त ती दिसत नाही. त्यात घाम साठतो आणि कातडी भिजते. तरीही कोणाला कामामुळे हात मऊच ठेवावे लागतात, कोणाला कातडीचा आजार असतो. त्यांनी मोजे जरूर वापरावेत, पातळ आणि हाताला घट्ट बसणारे, आणि दर दोन-तीन दिवसांनी धुवावेत.

मनगटाला गुंडाळून बारभोवती फिरवायचे लिफ्टिंग स्ट्रॅप्स जास्त उपयोगी आहेत. ते भार बोटांवरून मनगटावर नेतात. सरावाचे सेट मोकळ्या हाताने करा आणि शेवटच्या जड सेटला स्ट्रॅप लावा, म्हणजे ग्रिपही वाढते आणि हातही वाचतो. स्पर्धेत उतरायचं असेल तर ग्रिप मोकळ्या हाताचीच लागते, कारण वेटलिफ्टिंग आणि पॉवरलिफ्टिंग दोन्हींत स्ट्रॅप चालत नाहीत.

स्नॅच आणि क्लीन हे वेटलिफ्टिंगचे उचल-प्रकार शिकायला लागलात की हुक ग्रिप शिकवतील: अंगठा बारला लागून आणि बोटं अंगठ्यावर. सुरुवातीला अंगठा दुखतो. मेडिकलमधली कापडी चिकटपट्टी अंगठ्याला दोन-तीन वेढे द्या, सांधा वाकता राहील अशी. बोट निळं किंवा बधिर होत असेल तर पट्टी फार घट्ट आहे. तळहातावर सरळ चिकटवलेली पट्टी मात्र बारखाली गुंडाळी होऊन सुटते. तळहाताला आधार द्यायचा तर लांब पट्टी मधोमध दुमडून, चिकट बाजू एकमेकींना लावून, दुमडीशी बोट जाईल एवढं भोक ठेवा. बोट त्यातून घालून दोन्ही टोकं मनगटाशी आणा आणि मनगटाभोवती वेगळ्या पट्टीने बांधा.

फाटलंच तर

आधी व्यायाम थांबवा. बारला रक्त लागलं असेल तर तो जंतुनाशकाने पुसून घ्या किंवा ट्रेनरला सांगून पुसवून घ्या. तुमच्यानंतर तो दुसऱ्याच्या हातात जाणार आहे.

जखम वाहत्या पाण्याखाली साध्या साबणाने नीट धुवा. झोंबेल, पण हेच सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. चॉकचे कण आत राहू देऊ नका. सुटलेलं कातडं हाताने ओढून काढू नका, चांगली कातडीही सोबत येते. ते मृत आणि लोंबतं असेल तर स्पिरिटने पुसलेल्या लहान कात्रीने कडेपासून कापा. अजून बरंचसं चिकटलेलं आणि स्वच्छ असेल तर जागेवर बसवून वरून झाका, खालच्या कातडीला ते पांघरूण होतं.

मग व्हॅसलीनचा पातळ थर आणि वर पट्टी. रोज बदला, भिजली तर लगेच बदला. जखम उघडी ठेवून सुकवायची जुनी पद्धत तळहाताला उपयोगाची नाही. वाळलेली खपली मूठ मिटली की पुन्हा तडकते. घरात लगेच हळद दाबायला सांगतील. मायेने सांगतात, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिची पूड जखमेत अडकून बसते. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतल्याने भरणारी नवी कातडी मरते. आणि जिममध्ये काही मुलं फेविक्विकने कातडं चिकटवतात, ते कृपा करून करू नका. ते जखमेसाठी बनवलेलं नाही, चिकटताना गरम होतं आणि घाण आतच कोंडून ठेवतं.

फोड आला असेल आणि लहान असेल तर फोडू नका. मोठा आणि ठणकणारा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला बारीक छिद्र पाडून पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या आणि झाका.

धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. दहा वर्षं उलटून गेली असतील, किंवा जखमेत माती-गंज गेला असेल आणि पाच वर्षं झाली असतील, तर डॉक्टरांना विचारून घ्या. जखमेभोवतीची लाली पसरू लागली, हात गरम आणि सुजलेला वाटला, पू आला, मनगटाकडे लाल रेघ चढताना दिसली किंवा ताप आला तर वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

पुन्हा बारकडे

वरवरचं सोललं असेल तर साधारण आठवड्याभरात नवी कातडी येते. खोल असेल तर जास्त. तोवर व्यायाम बंद करायची गरज नाही. पाय, पोट, लेग प्रेस चालतं. पाठीवरचा स्क्वॉट बहुतेकांना जमतो, कारण तिथे बारचा भार खांद्यांवर असतो. दुखत नसेल तर प्रेसही करा. ओढायचे व्यायाम मात्र जखम झाकून, स्ट्रॅप लावूनसुद्धा, ती दाबल्यावर दुखायची थांबेपर्यंत नकोत.

जखम भरताना तिच्या कडेला टणक कातडीचं कडं तयार होतं. ते तसंच राहू दिलं तर पुढची फाट तिथूनच सुरू होते, म्हणून दुखणं थांबलं की ते कडं रोज थोडं थोडं घासून उतरवा. परतीच्या पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्म्या वजनाने दोन-तीन सेट करा आणि पकड पुन्हा पहिल्या पायरीप्रमाणे तपासा. जी जागा फाटली, तिथे बार बहुधा चुकीचाच बसत होता. नवी गुलाबी कातडी टणक व्हायला महिनाभर तरी जातो. तोवर प्रत्येक सेटनंतर तो हात उघडून पाहा, आणि जागा लाल झालेली दिसली की त्या दिवसाचं ओढणं तिथेच थांबवा.